नावं पुसणारी रत्नमाला

वाळूजच्या त्या पाइप मिलमध्ये रत्नमाला हिवराळेसारखा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पाइपवरचा काळा रंग वाळला की ती पत्र्याचा स्टेन्सिल धरायची आणि पांढऱ्या रंगात मिलचं नाव, माप नि तारीख उमटवायची. वीस वर्षं हेच काम, आणि लुगड्यावर कधी रंगाचा थेंब नाही. तिचा नवरा सांडू त्याच शेडमध्ये टेस्टिंगला होता. पाइपमध्ये पाणी भरून तो दाब द्यायचा, आणि त्याच्या हाताखालून पास झालेल्या पाइपलाच ती नाव द्यायची. बाप परीक्षा घेतो आणि आई बारसं करते, असं कामगार चेष्टेनं म्हणायचे.

मग मालक व्यंकटरावांचे चिरंजीव हिमांशू शिकून आले. आल्या आल्या त्यांनी बापाला पटवलं, की बाहेरून तयार पाइप स्वस्तात येत असताना इथं घाम गाळायचा कशाला? बंदरावरून ट्रेलर यायला लागले. त्या पाइपांवर चीनमधल्या कारखान्यांची नावं असायची. हिमांशूंनी रत्नमालाच्या हातात थिनरचा डबा दिला आणि बजावलं, की जुनं नाव पुसायचं, आपलं घालायचं आणि बाहेर बोलायचं नाही.

देशात परदेशी पाइप किती येतो, ते पेपरवाले आलेख काढून सांगतात. रत्नमालाला ते थिनरवरून कळायचं. पहिल्या वर्षी महिन्याला एक डबा पुरला. दुसऱ्या वर्षी चार लागले. सरकारनं आयातीवरची जकात वाढवली की डबे घटायचे, शेठलोकांना नवी वाट सापडली की पुन्हा वाढायचे. जे हात नाव लिहीत होते, ते दिवसभर नावं पुसायला लागले. बाहेरचा पाइप टेस्टिंगला जातच नसे. त्याच्यासोबत कागद यायचा, आणि कागद पास म्हणजे पाइप पास.

असाच एक पाइप गंगापूरकडच्या नळयोजनेत गेला आणि पाणी सोडायच्या दिवशीच, सगळ्या गावासमोर उभा चिरला. चौकशी आली. व्यंकटरावांनी ऐंशी कामगारांना मिलच्या आवारात गोळा केलं आणि टेस्टर ड्यूटीवर झोपा काढतो, त्यानंच हा पाइप पास केला, असं सांगितलं. सांडू परोपरीनं सांगत होता की हा पाइप त्याच्या हाताखालून गेलाच नाही. पण चूक कबूल केल्याच्या कागदावर त्याची सही घेतली आणि त्याला गेटबाहेर काढलं.

रत्नमाला तेव्हा दहा पावलांवर उभी होती. तो पाइप कुठला, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यावरचं नाव तिनंच पुसलं होतं. व्यंकटराव बोलत होते सांडूबद्दल आणि बघत होते तिच्याकडं. तोंड उघडलं तर दोघंही घरी बसणार, हे तिला त्या नजरेतून कळलं. घरात कुणीतरी कमावतं राहायला हवं होतं. ती गप्प बसली.

त्यानंतर वाळूजमधल्या एकाही मिलनं सांडूला उभं केलं नाही. कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर तो राखणीला लागला. बजाजनगरच्या बुद्धविहारात एरवी तो पुढं बसून वंदना सांगायचा, तो आता मागच्या भिंतीला टेकून बसू लागला. नणंद केसरबाईनं तर तिला तोंडावर सुनावलं, की ज्यानं नवऱ्याच्या तोंडाला काळं फासलं त्याचं नाव रंगवताना तुझे हात कसे झडत नाहीत? रत्नमाला ऐकून घ्यायची. तिचा जीव आतून जळत होता. अर्धा राग तिचा स्वतःवरच होता, पण तोही तिनं व्यंकटरावांच्या माथी मारला आणि वाट बघत राहिली.

दोन वर्षं गेली. मिलची यंत्रं केव्हाच थंडावली होती. त्या उन्हाळ्यात एका मोठ्या पाणीयोजनेचं काम व्यंकटरावांना मिळालं. अट एकच होती: पाइप देशात, स्वतःच्या मिलमध्ये बनलेला हवा. सरकारी इंजिनिअर मृण्मयी मॅडम तपासणीला येणार होत्या.

या खेपेला रत्नमालानं थिनरचा डबा उघडलाच नाही. परदेशी नावं तशीच ठेवून तिनं वरून काळा रंग दिला, पण तो भिंतीला देतात तो, पाण्यात कालवायचा. काळ्यावर तसल्याच पांढऱ्यात मिलचं नाव असं सुबक काढलं, की हिमांशूंनी पहिल्यांदाच तिचं कौतुक केलं. सांडूला तिनं एवढंच सांगितलं, की सकाळी अकराला मिलवर या आणि पांढरा सदरा घाला. गेटवर जुन्या ओळखीचा रखवालदार कृष्णा होता. त्यानं सांडूला आत सोडलं.

मॅडम आल्या, व्यंकटराव हात जोडून पुढं झाले. रत्नमालानं पाण्याची नळी उचलली. पाइपांवर लई धूळ बसलीय, धुऊन दावते, असं म्हणून तिनं पाणी सोडलं आणि वरून खराटा फिरवला. मिलचं नाव पांढऱ्या ओघळांनी खाली गळालं. काळा रंग गेला आणि चिनी कारखान्याचं नाव ढळढळीत वर आलं. ती दुसऱ्या पाइपकडं वळली, मग तिसऱ्याकडं. तिला थांबवायचं कुणाला सुचलंच नाही.

"मिल बंद हाय, मॅडम. हा समदा बाहेरचा माल," ती म्हणाली. "गंगापूरला फुटला त्यो बी असाच आलता. टेस्टिंगला गेलाच नव्हता."

हिमांशू पुढं सरसावले. "मॅडम, ही काढून टाकलेल्या टेस्टरची बायको आहे. सूड उगवतेय."

"व्हय," रत्नमाला म्हणाली. "सूडच उगवतेय."

व्यंकटरावांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघून तिचं काळीज निवलं. मॅडमनी विचारलं, गंगापूरच्या पाइपचं तुम्हाला कसं माहीत? या प्रश्नाला ती दोन वर्षं भीत आली होती. हे तिनं घरातही सांगितलं नव्हतं, आणि सांडू पाठीमागंच उभा होता.

"त्याच्यावरचं नाव मी पुसलंतं," ती म्हणाली. "ह्याच हातानं."

मॅडमनी पंचनाम्यात दोषी म्हणून व्यंकटरावांचं नाव लिहिलं, हिमांशूंचं लिहिलं आणि पेन मिटलं. सांगकाम्या बाईला यात ओढायची त्यांची इच्छा नव्हती, आणि तसं त्या बोलल्याही.

सांडू पुढं आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची मान ताठ होती.

"हिचं बी नाव लिहा, मॅडम," तो म्हणाला. "मी सही करत होतो तवा ही समदं ठाऊक असून दहा पावलांवर उभी होती. रत्नमाला सांडू हिवराळे. लिहा."

रत्नमालानं नळी बंद केली. ओले हात पदराला पुसले आणि सही कुठं करायची, ते मॅडमना विचारलं.