रबरावरचा नारळ

माझी धाकटी बहीण पेणला रामवाडीत राहते, मी रोह्याजवळ वरसेला. अंतर फार नाही, तरी तिचा फोन अवेळी वाजला की मी आधी चप्पल शोधते. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून तिचा डावा पाय बारीक राहिला. ती कुबडी घेऊन चालते, आणि चालते कशी, तर मागे कुत्रं लागल्यासारखी. आईने भीती आम्हा दोघींत वाटलीच नाही, सगळी माझ्या पदरात टाकली.

मागच्या पावसाळ्यात ती घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडली. तिथल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं होतं. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आत सळई घातली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पडलात तर चालणं विसरा." ती म्हणाली, "म्हणजे पडायचं नाय, एवढंच ना?"

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला. 'जेवलीस का?' हा नाही, 'बरी आहेस का?' हाही नाही. "पडली नाहीस ना?"

मेहुणे डोलवीला कंपनीत आहेत. त्यांची पहिली शिफ्ट असली की दुपारपर्यंत ती घरात एकटी. मी तिला बजावलं होतं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. तिने ते ऐकलं आणि घरात बसून गल्लीच्या मंडळाच्या नावाने त्याच मोकळ्या जागेसाठी अर्ज लिहिला. एक संस्था वस्तीतल्या मंडळांना निधी देत होती. सार्वजनिक जागा अशी करायची की म्हाताऱ्यांना, कुबडीवाल्यांना, चाकाच्या खुर्चीवाल्यांना, सगळ्यांना तिथे येता यावं. आणि वाट करायची ती जुन्या टायरच्या रबराची. टायर दळून बारीक दाणे करतात, ते चिकट द्रावणात कालवून जमिनीवर थापतात, असं ती मला भाकरीची कृती सांगावी तसं सांगत होती. "पाणी साचत नाय ताई, आणि पडलं तरी लागत नाय."

"पडायच्या गोष्टी कसल्या करतेस?" मी फोनवर ओरडले.

निधी मंजूर झाला, काम झालं, आणि तिचा फोन आला. "वाटेवर पहिली मी चालणार. तू यायचंस." नाही म्हणायची सोय नव्हती. मी नसते तरी ती चालणारच होती. निदान मी तिथे असेन, पडायला लागली तर धरेन, असा विचार करून मी एस.टी.त बसले. नागोठणं येईपर्यंत देवाचं नाव घेतलं. नंतर नाव बाजूला राहिलं आणि डॉक्टरांचा आवाजच कानात घुमत राहिला.

रामवाडीत पोहोचले तेव्हा मांडव लागला होता. ब्लॉक गेले होते. त्या जागी लाल-काळी, गुळगुळीत नसलेली वाट गोल फिरली होती. एका बाजूने लोखंडी कठडा, मध्ये दोन बाकं. ऊन तापलं होतं आणि पंक्चरच्या दुकानात येतो तसा वास येत होता. मी चप्पल दाबून पाहिली. जमीन किंचित आत गेली. पायाखालची जमीन अशी हलणार असेल तर माणसाने घाबरायचं नाही तर करायचं काय?

नारळ वाढवायचा मान गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचा. आमच्याकडे नारळ नव्या कामावरच आपटून वाढवतात, दुसरीकडून फोडून आणलेला चालत नाही. त्यामुळे दगड कोणी आणलाच नव्हता. गुरुजींनी हात जोडले, नारळ वर उचलला आणि वाटेवर आपटला. धप्प! नारळ उडाला, त्यांच्या गुडघ्याला लागला आणि गडगडत बाकाखाली गेला. कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. गुरुजींनी पुन्हा जोर लावून आपटला. नारळ पुन्हा उडाला.

शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. "नारळ वाढत नाय म्हंजी बरं नाय गो. आजचा दिवस राहू दे."

एरवी मी शकुन-अपशकुन मानत नाही. त्या दिवशी मात्र त्या अपशकुनाला मी दोन्ही हातांनी धरलं. "काकू बरोबर सांगतायत," म्हणत मी बहिणीचा दंड पकडला. "चल घरी."

तिने गुरुजींकडून नारळ मागून घेतला. फिरवून फिरवून पाहिला. साधी चीर नव्हती. "ताई, दोनदा आपटला, फुटला नाय. आणि तू मला घरी चल म्हणतेस?" मग तो नारळ तिने माझ्या हातांत कोंबला. "धर नीट. दोन्ही हातांनी." तिला धरायला माझे हात मोकळे राहू नयेत म्हणून.

ती निघाली. कुबडी, पाय, कुबडी, पाय. लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला. वळणावर ती थांबली, कठड्यावरचा हात सोडून तिने मला हात केला. पुन्हा निघताना सवयीने कुबडी जोरात टेकवली. रबराने कुबडीच मागे लोटली. ती पडली. ऑपरेशनच्याच बाजूवर.

नारळ छातीशी धरून मी नुसती उभी होते. ती गाल जमिनीला टेकवून निपचित पडली होती आणि डोळे मिटलेले होते. संपलं, एवढाच शब्द माझ्या डोक्यात होता.

मग एक डोळा उघडला. "ताई, तो नारळ ठेव आणि ये."

तिचा आरडाओरडा न जुमानता मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सळई जागच्या जागी होती. कोपर जरा खरचटलं होतं, बाकी काही नाही. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दोनदा उजेडात धरला.

घरी परतलो तर गुरुजींनी तो नारळ दारात आणून ठेवला होता. देवाच्या नावाने काढलेला, तसाच ठेवायचा नाही. "इथंच वाढव," ती म्हणाली. दारासमोर दगडाची एकच पायरी आहे. मी नारळ हलकेच आपटला. ताडकन दोन शकलं झाली. पाणी पायरीवरून खाली ओघळलं.

आम्ही दोघी त्या पायरीकडे बघत राहिलो. मी वर पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या वर्षांत तो असा मी कधी पाहिला नव्हता. त्या वाटेवर जायलाही तिला आधी हीच पायरी उतरावी लागत होती.

"ताई, हात दे," ती म्हणाली. मी दिला. पायरी चढून आत आल्यावरही तिने माझा हात सोडला नाही.

"पुढच्या अर्जात वाट दारापासून लिहिते," ती म्हणाली.