नळीत उरलेली हवा

कॉम्प्रेसर बंद केला की हवेवर चालणारी करवत मेली, असं मी तरुणपणी ठामपणे मानायचे. गॅरेजवाल्याची बायको ना मी, मला कोण शिकवणार! एकदा हवेची नळी न सोडवताच मी करवत धरली. आमचे हे तिचं पातं बदलत होते. माझं बोट खटक्यावर पडलं, उरलेल्या हवेनं पातं दोनदा पुढंमागं धावलं. ह्यांच्या करंगळीचं पेर गेलं.

आज समोरच्या गॅरेजातली मुलगी आधी नळी सोडवते. फुस्स करून हवा जाते, मगच ती पात्याला हात लावते. आपण बंद समजतो त्या किती गोष्टींत अजून हवा असेल! ह्यांचं पेर गेलं त्या दिवसानंतर मी आमच्या गॅरेजची पायरी चढले नाही. वर्षभरानं हे म्हणाले, "अगं, करंगळीचं सोड. तू यायची थांबलीस, ते जास्त दुखतंय."