आबांची दोन बोटं

हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात आबा दोन बोटं घालून बघायचे. तिसरं शिरलं की माणूस बाजूला. "न्हाई. आवळा," एवढंच म्हणायचे, मग समोर कंपनीचा मॅनेजर असो नाहीतर कॉलेजची पोरगी. मावळातल्या तिकोणा पेठेजवळ त्यांच्या माळावर शनिवार-रविवारी उतारावरून सायकली सोडायचा खेळ चालतो. माळ त्यांचा, त्यामुळे नियमही त्यांचेच.

मी तिथे पंचेचाळिशीत पोचलो. तळेगावच्या ऑफिसात बसून पोट सुटलेलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण चालतात ते म्हातारे, असं माझं ठाम मत, म्हणून सायकल घेतली. हेल्मेट घेतलं सर्वांत मोठ्या मापाचं. मोजून घ्यायची गरज वाटली नाही, कारण स्वतःच्या डोक्याविषयी मला लहानपणापासून आदर. आबांनी ते धरून हलवलं. हेल्मेट गोल फिरलं, मी जागच्या जागी.

"साहेब, डोकं ल्हान हाय तुमचं."

मागे रांगेत दहा-बारा जण होते. पुढच्या रविवारी मी गुपचूप लहान माप आणलं.

त्याच हेल्मेटने मला वाचवलं. दुसऱ्या वळणावर पुढचं चाक घसरलं आणि मी डोक्यावर आपटलो, तेही थेट खडकावर. उठलो, कपडे झटकले, काही झालं नाही म्हणालो. सगळे गंभीर झाले म्हणून आमच्या साहेबांचा एक विनोद सांगितला. थोड्या वेळाने पुन्हा तोच सांगितला. मग आणखी एकदा. ऑफिसातून माझ्याबरोबर आलेल्या सोबत्यांना यात काही वावगं वाटलं नाही, कारण एकच विनोद पुन्हापुन्हा सांगण्याबद्दल मी ऑफिसात प्रसिद्धच आहे. आबा मात्र हसले नाहीत. मी सकाळी काय खाल्लं ते त्यांनी विचारलं. मी पोहे म्हणालो. सोबती म्हणाले, अहो, कामशेतला मिसळ खाल्ली ना आपण. आबांनी माझ्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली.

हेल्मेट वरून धड दिसत होतं, म्हणून मी ते पिशवीत टाकायला गेलो. आबांनी कोयत्याने त्याचा पट्टा कापला. एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा उपयोगाचं नसतं, हे तेव्हा कळलं. मग तेच मला दवाखान्यात घेऊन गेले. मेंदूला हादरा बसलाय, डॉक्टर म्हणाले. डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत सायकल बंद.

मी दहा दिवसांनीच पुन्हा माळावर गेलो. बायकोला शिरगावच्या प्रतिशिर्डीला साईंच्या दर्शनाला जातो असं सांगितलं; सायकल गाडीत आधीच घालून ठेवली होती. डोकं सकाळपासून ठणकत होतं. आबांनी नव्या हेल्मेटचा पट्टा तपासला, तो बरोबर होता.

"दुकतंय का?"

"नाही."

आबा हळू आवाजात म्हणाले, "माजा धाकला भाऊ बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांम्होरं घोडी पळवायचा. पडला, उठून हसला. दुकतंय का म्हनलं, तर न्हाई म्हनला. आठ दिसांनी परत बसला, परत पडला, त्यो उठलाच न्हाई."



"दुखतंय," मी म्हणालो. एवढा एक शब्द तोंडातून काढायला मला दहा दिवस लागले. भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त हलकं वाटलं. आबांनी खाली अंथरलेल्या पोत्यावर सरकून जागा करून दिली. दुपारपर्यंत आम्ही दोघं इतरांना उतरताना बघत बसलो.

डॉक्टरांनी दोन महिन्यांनी परवानगी दिली. ते सांगायला मी आधी आबांच्या घरी गेलो. सून ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मला बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं.

"आबा गेले, साहेब. मंगळवारी," ती म्हणाली. "चार दिस छातीत दुकत व्हतं, हे दवाखान्यात नेल्यावर डाक्टरला सांगितलं. आमाला कुनालाच बोलले न्हाईत."

मला आधी आबांचा राग आला, रडू त्यानंतर आलं.