शालिग्रामभाऊचा निमोनिया

गाडी वेळेवर सुटली तर किस्सा होत नाही. गाडी अडकली, माणसं खाली उतरली, कोणी बिडी पेटवली, कोणी शेंगा सोलायला घेतल्या, की मग पाहा! मी मेहकर-खामगाव रस्त्यावर अठरा वर्षं कंडक्टर होतो आणि गाडी वेळेवर सुटल्याचं मला फारसं आठवत नाही. म्हणून किस्से ढिगानं आहेत. पण कोणी चहा पाजून विचारलं, तर मी त्या एका पौषातलेच सांगतो. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, शालिग्रामभाऊ, अंथरुणाला खिळला होता.

*

खिळणार नाही तर काय! गाडीला ड्रायव्हरच्या बाजूनं काच नव्हती. सकाळची पहिली फेरी, अंगात शिरणारा वारा. बाकी ड्रायव्हर डोळे तेवढे उघडे ठेवून मफलर गुंडाळायचे. शालिग्रामभाऊचा मफलर खिळ्याला. म्हणायचा, "कान बांधले तर गाडी काय म्हणते ते ऐकू कसं येईन बे?"

त्या दिवशी तो असा खोकत होता, की पुढच्या सीटवरची बाई म्हणाली, "भाऊ, गाडी थांबवा, आधी खोकलून घ्या!" थांबतो कसला! जानेफळपर्यंत गाडी आणली. त्याचं घर तिथंच, रस्त्याला लागून. स्टॉपवर गाडी उभी केली, "उतरा, जानेफळ!" म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

आम्ही चौघांनी उचलून घरात नेला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छातीला नळी लावून पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "निमोनिया आहे. दोन्ही बाजूंना. जिवावरचं दुखणं आहे." मला तिथंच रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, बारा वर्षं मी त्याच्या पाठीमागं उभा राहून तिकिटं फाडली होती.

तासाभरानं त्यानं डोळे उघडले. वहिनी पाणी घेऊन पुढं झाल्या. तर हा विचारतो काय, "हँडब्रेक ओढला होता ना मी?"

*

बातमी रस्त्याभर पसरली आणि औषधं सुरू झाली. प्रत्येक स्टॉपवर कोणी ना कोणी हात करायचं. चढायचं नसायचंच. "कंडक्टर, एवढं शालिग्रामभाऊले द्या," म्हणून पुडी हातात! ओवा, हळद, सुंठ, मध. आमच्या देऊळघाटच्या करीमभाई ड्रायव्हरनं हकिमाकडून जोशांदा, म्हणजे त्यांचा खोकल्याचा काढा, आणला.

आणि अडुळसा! कोणीतरी मागच्या गावाला सांगितलं, की खोकल्याला अडुळसा पाहिजे. दुसऱ्या दिवशी टपावर सामानाला जागा नाही, नुसता अडुळसा. भारेच्या भारे आम्ही अंगणात टाकले. वहिनी चार दिवसांच्या जाग्या, डोळे सुजलेले. त्या ढिगाकडं पाहून म्हणाल्या, "भाऊजी, याचा काढा करू का गोठा शाकारू?"

आजारपण सुरू झाल्यापासून त्या बाईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

डॉक्टर रोज इंजेक्शन द्यायला यायचे. शहरातले, जरा कडक. पण शालिग्रामभाऊनं चार दिवसांत त्यांना बिघडवलं! "श्वास घ्या," म्हटलं की हा म्हणायचा, "चढ लागला का दम तुटते, साहेब. नळीत एअर धरली दिसते."

डॉक्टर आधी चिडले. मग एक दिवस छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. शालिग्रामभाऊनं घाबरत विचारलं, "कोणत्या गेअरमधी हाय, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "फर्स्टमध्ये. आणि मी सांगेपर्यंत बदलायचा नाही!"

*

आता रजेच्या अर्जाचं ऐका. शालिग्रामभाऊ शिकलेला जेमतेम. डेपोत गाडी लावताना वहीत गाडीचे दोष लिहायचे, एवढंच काय ते आयुष्यभराचं लिखाण! त्यानं तापातच कागद घेतला, चार ओळी लिहिल्या आणि मी तो बाबूच्या टेबलावर ठेवून ड्युटीवर गेलो.

कागदावर होतं: 'समोरून घरघर आवाज येतो. चढावर दम लागतो. गरम लवकर होते. दुरुस्त होईपर्यंत लाईनवर घेऊ नये.' खाली सही.

बाबूनं तो सरळ वर्कशॉपात धाडला! निनाजी मिस्त्रीनं दिवसभर शालिग्रामभाऊची गाडी खोलली, जोडली, परत खोलली. संध्याकाळी अर्ज शेरा मारून परत आला: 'तपासली. दोष नाही. उद्यापासून लाईनवर घ्यावी.'

खरी गोष्ट कळली तेव्हा निनाजीनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं जानेफळला गेला, शालिग्रामभाऊच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "तुहा पार्ट माह्याजवळ असता तर रातोरात बसवला असता रे!"

*

त्या रस्त्यावरून आमच्या डेपोच्या दिवसाला आठ गाड्या जायच्या. ड्रायव्हरांनी आपसांत ठरवलं, की शालिग्रामभाऊच्या घरासमोर हॉर्न मारायचा. म्हणजे 'लवकर बरा हो' असा निरोप! करीमभाई तर तीन लांब हॉर्न मारायचा आणि वर दुआ मागायचा.

इकडं काय व्हायचं? शालिग्रामभाऊ तापात फणफणलेला, पण गाडीचा आवाज आला की उठून बसायचा. "हा करीम. अर्धा क्लच दाबून चालवते, गाढव!" म्हणायचा आणि खोकत खोकत आडवा व्हायचा. दिवसातून आठदा!

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि करीमभाईला अंगणात बोलावलं. म्हणाले, "इंजेक्शनानं व्हायचं ते झालं. आता झोप पाहिजे. पाच दिवस डोळ्याला डोळा नाही. झोपला तर वाचेल."

करीमभाईचा चेहरा पडला. म्हणाला, "हॉर्न आजपासून बंद, साहेब."

आतून वहिनी म्हणाल्या, "हॉर्न कशाले पाह्यजे? इंजिनाच्या नुसत्या घरघरीनंबी उठून बसतात ते."

करीमभाई म्हणाला, "हाव. मंग तेबी बंद."

*

दुसऱ्या दिवशी करीमभाईनं गावाच्या अलीकडं, चिंचेपाशी, गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. "उतरा सारे! ढकलाची हाय."

आमच्या लोकांना गाडी ढकलायची सवय. एक म्हातारा म्हणाला, "बिघडली काय?"

"नाही."

"मंग काऊन ढकलाची बाप्पा?"

"शालिग्राम झोपला पाह्यजे."

माणसं उतरली, बायका उतरल्या. त्या गाडीत तिकिटं तपासणारा साहेब होता, आम्ही सगळे ज्याला टरकायचो तो. त्यानं कोट काढून सीटवर ठेवला आणि मागून खांदा लावला. घरासमोर आलो आणि एका बाईचं तान्हं रडायला लागलं. चाळीस माणसांनी एकदम "श्शू!" केलं, तो आवाज इंजिनाच्या वर! पोरगं घाबरून गप्पच झालं. पुढं गाव ओलांडून मग इंजिन चालू.

त्या दिवशी आठही गाड्या तशाच गेल्या. दुसऱ्या दिवशीही आठ. घराचं दार बंद. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही, आणि जाऊन विचारायची कोणाची छाती होईना. करीमभाई जेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो तिकिटं तपासणारा साहेब परत आमच्याच गाडीला खांदा लावून होता; सकाळी गाडी ढकलत ढकलत घरासमोर आली आणि दार उघडलं. उंबऱ्यात शालिग्रामभाऊ! अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली, एका हातानं चौकट धरलेली, मागं वहिनी. कधी जाग आली कोण जाणे, पण गाडी ढकलताना पाहिली आणि भडकला.

"करीम्या! काय करून ठेवलं बे गाडीले? मार स्टार्टर!"

करीमभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी साहेबाकडं पाहिलं. साहेबानं मान खाली घातली.

"मार म्हणतो ना!"

करीमभाईनं स्टार्टर मारला. पहिल्या झटक्याला गाडी चालू!

शालिग्रामभाऊ गाडीकडं पाहतो, आमच्याकडं पाहतो, घामानं निथळणाऱ्या त्या चाळीस माणसांकडं पाहतो. मग बेंबीच्या देठापासून ओरडला, "अबे, चांगली गाडी काऊन ढकलून राह्यले तुम्ही? येडे झाले काय सारेच्या सारे?"

करीमभाईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. डोळ्यांतून धारा. मला म्हणतो, "ऐकलं का, कंडक्टर? एकदाबी खोकलला नाही!"