सकाळी स्टार्ट न घेणारी गाडी

दोन किकमध्ये सुरू होणारी गाडी मी स्वतःच्या हातांनी बिघडवली, आणि तीही सुधारायच्या नादात. त्या डिसेंबरात मला जेवढी भीती वाटली तेवढी त्याआधी कधी वाटली नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसईजवळच्या निर्मळला वाडीच्या कडेला एक तीन मजली इमारत नवीन उभी राहिली होती, तिच्यात आम्ही राहायला आलो होतो. मी मूळचा देशावरचा, नोकरी मुंबईत. बायको इथलीच, बागायतदारांच्या घरातली. मुलगी साडेतीन वर्षांची होती आणि तिला बाळदमा होता. थंडी पडली की पहाटे तिला धाप लागायची. डॉक्टर स्टेशनाजवळ, पाच-सहा किलोमीटरवर. त्यांच्याकडे औषधाची वाफ द्यायचं मशीन होतं. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला की घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक निघायचं. घरात फोन नव्हता आणि पहाटे रिक्षा मिळायची नाही. त्यामुळे माझी शंभर सीसीची मोटरसायकल हाच आमचा सगळा भरवसा होता.

आता अशा गाडीला हात लावायची काही गरज होती का? नव्हती. पण आमच्या ऑफिसात एकजण गाड्यांचा शौकीन होता, आणि जेवणाच्या सुट्टीत तो फार बोलायचा. अर्नाळ्याच्या बाजूची वाळू आणि रस्त्याची धूळ यामुळे माझा कागदी एअर फिल्टर दर दोन-तीन महिन्यांनी भरायचा. तो म्हणाला, ‘स्पंजचा टाक. हवा जास्त ओढतो, पिकअप वाढतो, धुऊन परत वापरता येतो.’ मी मुंबईतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून तसला फिल्टर आणला. दुकानदार म्हणाला, ‘धुवायचा, सुकवायचा, तेल लावायचं, बसवायचा. बस्स.’ कुठलं तेल, हे मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. सासरच्या वाडीतले नारळ, घाण्यावर काढलेलं तेल, डब्याने घरी यायचं. आणि ते कशाला लावत नाहीत! केसांना, दाराच्या बिजागरीला, शिलाई मशीनला, सायकलच्या चेनला. दिवाळीनंतरच्या रविवारी मी तो स्पंज खोबरेलात चांगला भिजवला, थोडासा पिळला आणि गाडीत बसवला. बाजारच्या तेलापेक्षा हे शुद्ध, असंही मनात आलं.

हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने द्यावं लागतं, म्हणून मग कार्बोरेटर. तो उतरवून वर्तमानपत्रावर पसरला. वायरमधली तांब्याची एक तार काढून पेट्रोल सोडणाऱ्या जेटची बारीक भोकं साफ केली. सगळं परत जोडलं, गाडी गरम केली आणि हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत आवाज ऐकत बसलो. एका ठिकाणी इंजिन असं काही गोड चालायला लागलं की मी बायकोला गॅलरीतून खाली बोलावलं. ‘ऐक,’ म्हणालो. तिने ऐकलं. म्हणाली, ‘आधी पण असाच आवाज होता की.’ मला राग आला. पण गाडी खरंच छान पळत होती, दीड महिना पळाली.

डिसेंबरच्या मध्यावर आमच्या रस्त्याचं खोदकाम निघालं. धुळीने स्पंज तपकिरी झाला. मी तो धुतला आणि या वेळी धूळ जास्त म्हणून तेलही जास्त, हात सैल सोडून लावलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच थंडी पडली. वसईची थंडी ती काय असणार, पण वाड्यांमध्ये पहाटे चांगलंच गारठतं.

पहिल्या सकाळी साडेसहाला गाडीने स्टार्ट घेतला नाही. थंडीमुळे असेल म्हणून चोक ओढला. दोन ठसके देऊन बंद. परत मारली, परत बंद. प्लग काढला तर काळा आणि पेट्रोलने ओला. मी बसने स्टेशनला गेलो. संध्याकाळी येऊन किक मारली तर पहिल्या फटक्यात सुरू! दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आठवडाभर हे असंच चाललं. संध्याकाळी शहाणी, सकाळी वेडी. रविवारी दुपारी मी कार्बोरेटर पुन्हा खोलला, जेट साफ केले, आतला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट तपासला, स्क्रू जुळवला. दुपारी सुरेख चालली. सोमवारी सकाळी मेली.

बायको म्हणाली, ‘अहो, नाक्यावरच्या त्या मेकॅनिकला दाखवा ना एकदा.’

‘तो काय वेगळं करणार? हाच स्क्रू फिरवणार.’

‘मग फिरवू दे ना त्याला.’

मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला आतून धडकी भरली होती, आणि जितकी धडकी भरत होती तितका मी हट्टाला पेटत होतो. मेकॅनिककडे जायचं म्हणजे मला जमलं नाही हे कबूल करायचं. रात्री मुलीची छाती जरा घरघरली की माझी झोप उडायची. तिच्या बरगड्यांवर हात ठेवून मी पडून राहायचो. साडेसहाला न घेणारी गाडी पाचला घेणार नाही, हे मला कळत होतं. येत्या रविवारी नक्की सापडेल, असं मी स्वतःला सांगायचो. रविवार यायच्या आधी गुरुवार आला.

पहाटे बायकोने मला हलवलं. मुलगी अंथरुणात उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. मी तिचा फ्रॉक वर करून पाहिलं. बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बायकोने तिला शालीत गुंडाळलं आणि आम्ही खाली आलो. बाहेर झुंजूमुंजू होत होतं.

मी किक मारली. मारत राहिलो. चोक ओढून मारली, चोक बंद करून मारली. पेट्रोलचा वास सुटला. स्क्रू-ड्रायव्हर आणायला वर पळालो, खाली आलो, हवेचा स्क्रू या बाजूला फिरवला, त्या बाजूला फिरवला. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसत नव्हता. बायको शेजारी उभी होती. मुलगी रडत नव्हती. रडायला श्वास लागतो, हे मला तेव्हा समजलं. तिच्या ओठांचा रंग मला दिसत होता आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो.

‘एक मिनिट,’ मी म्हणालो. ‘फक्त एक मिनिट.’

बायको वळली आणि मुलीला घेऊन रस्त्याकडे चालायला लागली. मी आणखी दोन किका मारल्या, हे मला आजही खरं वाटत नाही. मग किल्ली तशीच सोडून धावलो.

मोठ्या रस्त्यावर अर्नाळ्याहून बाजाराला मासळी नेणारा टेम्पो येत होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात वर केले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, शिवी दिली, मग बायकोच्या हातातलं गाठोडं पाहिलं. ‘कोन आजारी हाय? बसा मागं, लवकर बसा.’ मागे टोपल्यांच्या मधे तीन-चार कोळणी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली. बायको मुलीला मांडीवर निजवायला लागली तशी एक म्हातारी ओरडली, ‘आडवी नको करू, बाय! उबी धर तिला. आन पानी नको पाजू आता.’ तिने स्वतःच्या हातांनी मुलीला सरळ बसवलं आणि पाठीला तळवा टेकवून धरला. ‘आमचा पोरगा पन असाच होता ल्हानपनी,’ म्हणाली. ‘आता होडीवर जातो.’ मी बर्फाच्या पाण्यात बसलो होतो आणि मला काही जाणवत नव्हतं. टेम्पो बाजाराच्या वळणावर न थांबता सरळ दवाखान्याच्या दारात गेला.

डॉक्टर वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी तिच्या तोंडाला मास्क लावला, इंजेक्शन दिलं. तासाभराने खांदे जरा खाली आले. दोन तासांनी तिने ‘आई’ म्हटलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘एवढा उशीर का केलात? आणखी अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.’ गाडी सुरू होत नव्हती, असं मी म्हणालो. ते म्हणाले, ‘मग ती आधी नीट करून घ्या.’

दिवसभर आणि रात्रभर त्यांनी तिला तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने मी कपडे आणायला घरी निघालो. बायको म्हणाली, ‘हिच्या केसांचा पार गुंता झालाय. येताना तेलाची बाटली आणा. पण जरा गरम करून आणा, थंडीने थिजलेलं असेल.’

घरी येऊन मी बाटली उचलली. आतलं तेल पांढरं झालं होतं. उलटी केली तरी हललं नाही. मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. मग बाटली हातात घेऊनच जिना उतरलो, गाडीचं बाजूचं झाकण काढलं आणि फिल्टर बाहेर ओढला. स्पंजाच्या भोकाभोकांत पांढरं खोबरेल घट्ट बसलं होतं. नखाने खरवडलं तर नखात आलं. दुपारी ऊन लागलं की वितळायचं, सकाळी पुन्हा थिजायचं. आत हवा जातच नव्हती, आणि मी वर चोक ओढून उरलीसुरली बंद करत होतो. कार्बोरेटरला काही झालेलंच नव्हतं. दोन आठवडे मी नको तिथे स्क्रू-ड्रायव्हर घालत बसलो होतो.

गाडी ढकलत मी मेकॅनिककडे नेली. त्याने स्पंज हातात घेतला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने तो साबणाने धुतला, स्टोव्हजवळ धरून वाळवला, इंजिन ऑइलचे थोडे थेंब टाकून कोरडा वाटेपर्यंत पिळला. मी बिघडवलेला स्क्रू पाच मिनिटांत जागेवर आणला. गाडी सुरू झाली.

दवाखान्यात मी बायकोला सगळं सांगितलं. तेल, फिल्टर, थंडी, एकही गोष्ट लपवली नाही. ती मुलीचे केस विंचरत होती. ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘काल टेम्पो आला नसता तर?’ तिने पुन्हा तो विषय काढला नाही, ना तेव्हा, ना नंतर भांडणात कधी. मला वाटलं, सुटलो.

मुलीला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर शेजारी बायको नव्हती. पाच वाजले असतील. खालून किकचा आवाज आला. एक, दोन. गाडी सुरू झाली, थोडा वेळ चालली, बंद झाली. जिन्यावर पावलं वाजली. गाऊनवर माझा स्वेटर चढवलेली ती आत आली, मुलीच्या छातीला कान लावला आणि पांघरुणात शिरली. तिचे पाय बर्फासारखे गार होते. थंडी सरेपर्यंत ती रोज पहाटे खाली जात राहिली. मी डोळे मिटून पडून असायचो. गाडी ठीक आहे ना, असं तिने मला एकदाही विचारलं नाही.