दाव्याचं बोलायचं न्हाई

मी गाव सोडलं त्या दिवशी आबा बाजारातून थेट मिरज स्टेशनावर आले. खांद्यावर तेच उपरणं, अंगाला गुरांचा वास. माझ्या डब्यात खिडकीशी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. आबा आत चढले, त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि गाडी सुटायच्या आत गृहस्थ मधल्या जागेवर आणि मी खिडकीत होतो. वर ते गृहस्थच आबांना नमस्कार करत होते. गाडी हलली तसे आबा खिडकीचे गज धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "पयल्या बोलीला मान हलवायची न्हाई. कुणी बी असो." जपून राहा नाही, पोचलास की फोन कर नाही. एवढंच.

माझे वडील हेडी, म्हणजे जनावरांच्या बाजारातले दलाल. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे दर तोंडाने ठरत नाही. दोघं जण उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि सगळा सौदा तिथेच होतो. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही. आबांच्या मांडीला टेकून मी हे बघत वाढलो. समोरचा पहिल्यांदा जे मागतो ते त्याला हवंच असतं असं नाही, हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं.

गावाकडची मंडळी, तुम्ही अजून विचारता, बंगळूरला तू करतोस तरी काय? ऑफिसात वायफाय लावतो, असं सांगितलं की तुम्हाला वाटतं डबा ठोकला आणि झालं. मीही सुरुवात तशीच केली. बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतींत शिडीवर चढून छताच्या फळ्या सरकवायच्या, वायर ओढायची, डबा बसवायचा. मग हळूहळू कळत गेलं की भिंत, काच, लिफ्ट, माणसांची गर्दी, सगळंच वायफायच्या लहरी अडवतं. लॅपटॉप हातावर धरून मजलेच्या मजले चाललो. कुठे डबा लावायचा, कुठे मुद्दाम लावायचा नाही, हे पायांनी शिकलो. आज माझी छोटी कंपनी आहे, आणि ती मला कुणी हातात आणून दिलेली नाही.

आणि आता मोठी गिऱ्हाईकं म्हणतात, डबे कुठे लावायचे त्या नकाशावर सही प्रमाणपत्रवाल्याची पाहिजे. वायरलेस डिझाइनची एक परीक्षा असते, त्यातली वरची पातळी. ती पास झालेला माणूस सही करेल तरच काम. माझ्याकडे असा एकच माणूस, निखिल. पुण्याचा इंजिनिअर. नोकरीला लागला तेव्हा मजल्यावर चालायचं कसं हे मी त्याला शिकवलं. त्याने पुस्तकं वाचली, पहिल्याच फटक्यात पास झाला. तेव्हापासून नकाशा माझा आणि खाली नाव त्याचं. मीटिंगमध्ये सगळे त्याच्याकडे बघून बोलतात आणि मला विचारतात, चहा येतोय ना?

म्हणून मी परीक्षेला बसलो. नापास झालो. परत बसलो, परत नापास. कुठलं उत्तर चुकलं ते सांगत नाहीत, फक्त विभागवार गुण देतात. दोन्ही वेळेला सगळ्यात कमी गुण कुठल्या विभागात? 'ग्राहकाच्या गरजा'! ज्याने आयुष्यभर गिऱ्हाईक वाचून पोट भरलं, त्याला हे सांगतात. मी परीक्षा केंद्राच्या जिन्यात एवढ्या मोठ्याने ओरडलो की खालचा वॉचमन वर आला.

मल्लेश्वरममध्ये मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या अक्का मराठी, पण त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांची मराठी ऐकून मी पहिले महिनाभर हसायचो. आता माझीच तशी होत चालली आहे. त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून परीक्षेचा उद्धार करत होतो. फेरतपासणी मागतो, तक्रार करतो, केंद्रवाल्याला भेटतो. अक्का भात वाढत म्हणाल्या, "परीक्षा म्हणजे काय मार्केटातली भाजी आहे रे, भाव पाडायला? स्वल्प गप बस. आधी जेव."

निखिलकडे शिकायला बसणं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं, पण बसलो. ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याने सराव पेपर काढला. एक हॉस्पिटल. नर्सेसकडे जुने वायरलेस फोन, चालता चालता कॉल तुटता कामा नये, आणि हे फोन बदलले जाणार नाहीत. मी उत्तर दिलं, फोन बदलायला लावा, डबे निम्मे लागतील.

"दादा, क्लायंट लिहून देतोय की फोन बदलणार नाही."

"सगळेच म्हणतात. थोडं दाबलं की बदलतात. मी किती जणांना बदलायला लावलेत!"

"दादा, हा क्लायंट कागदावर आहे. दाबणार कुणाला?"

मी पेपर भिरकावला. कँटीनमधले लोक बघायला लागले. निखिलने तो उचलला, सरळ केला आणि म्हणाला, "तुम्ही पेपरातल्या माणसाशीही भांडता. तो काय म्हणतो ते ऐकतच नाही." राग त्याच्या बोलण्याचा नव्हता. तो बरोबर असेल या शंकेचा होता.

त्यानंतर मी गावी गेलो. आबा आता थकलेत, दुसऱ्यांचे सौदे करत नाहीत. त्या रविवारी ते घरचीच गाय विकायला बाजारात आले होते. गिऱ्हाईक सीमेपलीकडचं, अथणीकडचं. उपरण्याखाली हात गेले. आबांचा चेहरा दगडासारखा, गिऱ्हाईकाच्या कपाळावर घाम. बऱ्याच वेळाने हात बाहेर आले, सौदा झाला. आबा दरात बरेच खाली उतरले असणार, कारण ते हसत होते. खाली उतरले की ते नेहमी हसतात.

गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं जमलं की हो आबा, तर दावं तेवढं राहू द्या तिच्या गळ्यात."

आबांचं हसू गेलं. "दाव्याचं बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाले, आणि स्वतः वाकून गायीच्या गळ्यातलं दावं सोडलं. त्या माणसाने पिशवीतून आपलं दावं काढून बांधलं. त्यालाही रीत ठाऊक होती, मागून बघितलं होतं एवढंच. आमच्याकडे विकलेल्या जनावराचं दावं देत नाहीत. ते घरी येतं आणि गोठ्यातल्या खुंटीला लागतं. मी हे लहानपणापासून बघितलंय, पण माझे डोळे कायम उपरण्यावर असायचे.

परतीच्या गाडीत तो चुरगळलेला सराव पेपर काढला आणि नव्याने वाचला. हॉस्पिटलवाल्याने किती गोष्टी मागितल्या होत्या! त्यातल्या बऱ्याच बोलणी करण्यासारख्या होत्या. फोनची एक नव्हती. ते त्याचं दावं होतं. दोन्ही परीक्षांत मी असंच समोरच्याचं दावं मागत बसलो असणार.

यामुळे परीक्षा सोपी झाली असं समजू नका. लहरींची गणितं अजून डोकं खातात, इंग्रजी वाक्यं संपता संपत नाहीत, आणि अक्कांच्या नातीचा पियानो नेमका माझ्या अभ्यासाच्या वेळी सुरू होतो. तिसऱ्या वेळची तारीख घेतली आहे. पास होईनच असं छातीठोक सांगत नाही.

पण मागच्या आठवड्यात बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या ऑफिसचं काम आलं. सगळे मजले, वर्षभराचं काम. तिथला मॅनेजर प्रेमाने म्हणाला, "काम तो आपका ही है भाई, साइन निखिल का रहेगा, बस." निखिलही कानाशी लागला, "दादा, मी करतो ना सही. परीक्षेचा त्रास कशाला घेताय?" पूर्वीचा मी असतो तर निखिलच्या सहीच्या बदल्यात आणखी दोन इमारती पदरात पाडून घेतल्या असत्या. डोक्यात हिशेब सुरूही झाला होता. तरी तोंडातून निघालं, "नकाशा माझा असेल तर नाव माझं. परीक्षेपर्यंत थांबत असाल तर थांबा." मॅनेजर थोडा वेळ वाट बघत राहिला, मी पुढे काय मागतो याची. मी काहीच मागितलं नाही. काम दुसरीकडे गेलं.

संध्याकाळी आबांना फोन करून काम गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "भावात किती तोडलं त्यानं?"

"बोलणीच केली नाहीत, आबा."

पलीकडे गोठ्यातला आवाज येत होता. आबा म्हणाले, "बरं केलंस." इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही सौद्यावर त्यांनी हे म्हटलेलं मला आठवत नाही.

बाहेर पडलेले आपण सगळे घर म्हणजे काय यावर फार बोलतो. मला आता एवढंच दिसतं. गोठा जवळजवळ रिकामा झालाय, पण खुंटीवर दावी आहेत, एकावर एक, कुठलं कोणत्या गायीचं ते आबांना अजून सांगता येतं. मी मिरजेहून निघालो तेव्हा त्यांनी मला जगाच्या बाजारात सोडलं, आणि मी पार बंगळूरपर्यंत आलो. माझंही एक दावं तिथेच लागलेलं असणार. त्याचा दर मला अजून कुणी विचारलेला नाही, आणि विचारला तरी मी हात उपरण्याखाली घालणार नाही.