आवाजाची नस

नणंदबाईंचा आवाज म्हणजे घरातला सगळ्यात मोठा ऐवज. भाजीबाजारात त्या लिलाव पुकारायच्या आणि भोंगा बंद पडला तरी काम अडायचं नाही. घरी आल्या की तोच आवाज भावजयीवर सुटायचा. भावजय ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर, सर्जनच्या हातात हत्यारं देणारी. मास्कआड अर्धं आयुष्य गेलेलं, तोंडातून मोठा शब्द निघेल तर शपथ. सासरे म्हणायचे, "एक भोंगा, एक मुकी. सरासरी बरोबर आहे."

मग वन्संच्या गळ्यात थायरॉइडची गाठ आली. सर्जननी स्पष्टच सांगितलं, "शंभरात एखाद्याचा आवाज कायमचा बसतो."

बाहेर आल्यावर वन्सं हळू म्हणाल्या, "आवाज गेला तर बाजारात मला कोण उभं करेल गं? टेबलाशी तूच उभी राहा. दुसरी कुणी नको."

तो शंभरातला एखादा सिस्टरने पाहिला होता. चांगला धडधाकट शिक्षक, पण हाक मारायला टाळी वाजवायचा. नात्यातल्या माणसाच्या ऑपरेशनला सहसा उभं राहू देत नाहीत. सर्जननी तिला हात पुढे करायला लावले, ते थरथरत नाहीत हे पाहिलं आणि होकार दिला.

गळा उघडला. उष्णतेने रक्तवाहिनी बंद करून कापणारं हत्यार भराभर चाललं होतं. मग सर्जन थांबले. "आली."

ग्रंथीच्या मागे आवाजाची नस दिसत होती. पांढरी, शिवणाच्या दोऱ्याएवढी. सिस्टरने ती आजवर किती गळ्यांत पाहिली होती, पण आज ती बघतच राहिली. सगळा बाजार हलवणारा, आपल्याला इतकी वर्षं धारेवर धरणारा तो आवाज एवढ्याशा धाग्यावर चालतो? तिला मनातल्या मनात हात जोडावेसे वाटले.

या टेबलाचा एक रिवाज होता. 'आली' म्हटलं की गरम हत्यार मागच्या टेबलावर जायचं, कारण त्याची धग नुसती शेजारून गेली तरी नस भाजते. सिस्टरने ते ठेवलं. तेवढ्यात नसेला खेटूनच रक्त आलं. मदतनीस डॉक्टर घाईने म्हणाले, "ते गरमवालं द्या, लगेच बंद होईल!"

सर्जननी रक्तावर गॉज दाबून, हत्याराचं नाव न घेता मोकळा तळवा पुढे केला. सिस्टरने त्यावर बारीक चिमटा ठेवला, मग दोरा. गाठ बसली. रक्त थांबलं. नस तशीच, पांढरी.

पण नस दिसायला शाबूत असली तरी आवाज येईलच असं नाही, हेही तिला ठाऊक होतं. भूल उतरल्यावर वन्संनी कॉटवर डोळे किलकिले केले, ओठ हलवले. आवाज नाही.

सिस्टरचा सगळा धीर सुटला. मास्क खाली ओढून ती त्यांच्या कानाशी ओरडली, "वन्सं! बोला ना! काहीतरी बोला!"

सगळे वळून पाहू लागले. कॉटवरून घोगरा, पण खणखणीत आवाज आला, "ओरडतेस काय? बहिरी आहे का मी?"

सिस्टर तिथेच खाली बसली आणि हुंदके देत म्हणाली, "अजून बोला. आणखी रागवा."